हॅपी बर्थडे, नारुतो!

तुमच्या ऑफिसात असा एकजण नक्की असेल. मीटिंगमध्ये एकदम डिसेंट, आणि लॅपटॉपच्या झाकणावर लुफीचा स्टिकर! २०१९मध्ये फॅन्सनी ऑनलाइन पिटिशन करून 'वेदरिंग विथ यू' आपल्याकडच्या थिएटरला लावून घेतला, त्यातलीच ही जनता. त्यांच्यासाठी आम्ही एक वेब अ‍ॅप केलंय. आम्ही म्हणजे मी आणि माझा एक डेव्हलपर मित्र. कोडिंग त्याचं, अक्षरं माझी. त्याच्या कंपनीने त्याला नारळ दिला होता, त्यामुळे वेळ भरपूर होता.

फंडा सिंपल आहे. सकाळी चहाबरोबर पान उघडायचं आणि आज कुठल्या अ‍ॅनिमे कॅरेक्टरचा वाढदिवस ते बघायचं. तेही चक्क मराठीत. २५ डिसेंबरवाल्यांनो, अभिनंदन! तुमच्या जोडीला 'अटॅक ऑन टायटन'मधला लेवी आहे, धूळ दिसली की ज्याचं डोकं फिरतं तो. १० ऑक्टोबर नारुतोचा. लुफीचा ५ मे, म्हणजे जपानचा बालदिन. त्याच्याच बोटीवरची नामी ३ जुलैची, कारण जपानी आकड्यांच्या कोटीत सात म्हणजे 'ना', तीन म्हणजे 'मी', आणि तिकडे महिना आधी लिहितात. डोरेमॉनचा ३ सप्टेंबर २११२. बिचारा अजून जन्मायचाय!

हा डेटा येतो कुठून? अ‍ॅनिलिस्ट ही साइट आपली माहिती एपीआयमधून इतरांना वापरू देते. धंद्यासाठी नसेल तर फुकट. नाव, जपानी लिपीतलं नाव, जन्मतारीख, सगळं मिळतं. मात्र मिनिटाला किती वेळा मागायचं याला मर्यादा आहे. हावरटपणा केलात की ४२९ नंबरचा एरर तोंडावर आपटतो. भरमसाट डेटा ओरबाडून ठेवायलाही मनाई आहे. म्हणून आम्ही दीडशेच नावं हाताने निवडली. ज्या दिवशी कोणाचाच वाढदिवस नसतो, त्या दिवशी पान म्हणतं, 'आज कोणी नाही. कामाला लागा.' पान एखाद्या फ्री होस्टिंगवर आरामात बसतं, खर्च फक्त डोमेनचा.

खरी मजा नावं लिहिताना आली. इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिलं तर वाट लागते, म्हणून मी जपानी लिपीवरून लिहायचं ठरवलं. आणि इथे मराठी जाम कामाला आली. आपण 'जोर' म्हणतो तेव्हा जो 'ज' येतो, जवळपास तोच झोरोच्या नावात असतो. मी त्याला 'जोरो' करून टाकला. 'त्सुनादे'चा 'त्सु' म्हणजे आपल्या चुन्यातला 'चु'. ही बाई जुगारात कायम हरते, म्हणजे चुना तिलाच लागतो! जपानीत ल आणि र असे वेगळे नाहीत, त्यामुळे लुफी खरा तर रुफीच्या जवळचा. पण रुफी लिहिलं असतं तर फॅन्सनी मला घरी येऊन मारलं असतं. तिथे मी जनतेबरोबर गेले.

याहून भारी गोष्ट पुढेच आहे. आम्हाला यादी अकारविल्हे लावायची होती. जपानी काना अक्षरांचा क्रम बघितला आणि मी उडालेच. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतोय ना? जपानमधले बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे. कूकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला, तो या विद्येसकट. त्या अभ्यासातूनच हा क्रम आला. 'ह' मधेच का? कारण जुन्या काळी तो 'प' होता, आणि पवर्ग 'म'च्या आधीच येतो.

आता भांडण. मित्राला पानावर चित्रं हवी होती. एपीआय चित्राची लिंकही देतो, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम हा की चित्राचा कॉपीराइट मांगाकार आणि प्रकाशकांचा असतो. वेबसाइटने लिंक दिली म्हणून तो हक्क आपल्याकडे येत नाही. शेवटी एक रंगीत गोल आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर, एवढंच ठेवलं. 'बिंदी अ‍ॅप' असं एकीने नाव ठेवलं. ठेवू दे.

महिन्याभराने एका टी-शर्टवाल्याचा मेल आला. पानावर जाहिरात लावा, महिन्याला पंधरा हजार देतो, फक्त कॅरेक्टरचे फोटो टाका. माझ्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. जाहिरात घेतली की फुकटचा डेटा गेला, फोटो टाकले की कायदा मागे. पण पंधरा हजारांत मित्राच्या फ्लॅटचं भाडं निघत होतं, माझ्या नव्हे. मी बोलून मोकळी झाले. चार दिवस त्याने माझा फोन घेतला नाही.

पाचव्या दिवशी त्यानेच टी-शर्टवाल्याला 'नाही' कळवलं. मग त्याने अ‍ॅपमधली दीडशे नावं काढून टाकली. उरला तो सांगाडा त्याचा स्वतःचा. त्यात स्टाफची नावं आणि तारखा भरायची सोय करून त्याने तो कोथरूडमधल्या एका छोट्या कंपनीला विकला, भाड्याच्या दोन महिन्यांएवढ्या पैशात. तिथल्या एचआरबाईंनी एकच सुधारणा सांगितली. वाढदिवस आदल्या दिवशी दुपारी दिसला पाहिजे, केकची ऑर्डर द्यायची असते.