ऐकलेले अंगी लागताना

ऐकलेला किंवा वाचलेला उपदेश कृतीत उतरायला ठरलेली वेळ आणि जागा लागते. ‘उद्यापासून सुधारायचे’ हा संकल्प बहुधा विरतो. ‘सकाळचा चहा झाला की अंगण झाडायचे’ हा टिकतो, कारण एक काम पुढच्याची आठवण देते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये अशा नेमक्या बेतांचे महत्त्व मांडले.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी त्याच्या कितीतरी आधी कृतीला पहिला मान दिला होता. गावात शिरले की हाती खराटा. दिवसा रस्ते, गटारे साफ होत. पाहणारेही हळूहळू कामाला लागत. कीर्तन रात्री. उपदेश कानी पडण्याआधीच श्रोत्यांचे हात मळलेले असत, आणि या पद्धतीचे खरे बळ तिथेच होते. कीर्तनातही बाबा प्रश्न विचारून उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द माणूस सहसा विसरत नाही.

कृतीला मान देण्याची ही सुरुवात त्यांच्या घरापासून झाली होती. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढी मोडून त्यांनी गोडाचे जेवण दिले. १९०५ मध्ये घर सोडल्यावर ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट, पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा उभ्या राहिल्या.