नाकाचे माप आणि पडद्यावरचा चेहरा

रंग आणि नाकाची ठेवण पाहून माणसाची पायरी ठरवण्याची सवय महाराष्ट्रात जुनीच आहे. तिला शास्त्राचा मुलामा दिला तो इंग्रजी राजवटीने. 1901च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे जमवली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932च्या आपल्या ग्रंथात हा हिशेब देशभर लागू पडत नाही, हे दाखवले. घुर्ये यांचीच आकडेवारी हाताशी घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 मध्ये अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात सांगितले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. अस्पृश्यतेचे मूळ वंशात सापडत नाही.

सोलापूरला या वंशकल्पनेची झळ थेट बसली. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. अशा कुटुंबांना कुंपणाआड ठेवणारी मोठी वसाहत सोलापुरात होती. तिथल्या माणसांची हजेरी लागे आणि शहरातल्या कापड गिरण्यांना त्यांच्यातून कामगार मिळत. हा कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले. कायदा गेला, तरी पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतला संशय गेला नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने 1980 मध्ये कैकाडी समाजाचे जगणे आतून मांडले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला ते सारे नवे वाटले.

चित्रपटात या माणसांना जागा मिळाली ती बहुधा कडेला. खेडवळ बोली आणि सावळा चेहरा नोकराच्या, विनोदी सोबत्याच्या किंवा गुंडाच्या वाट्याला येई. नायक-नायिका गोरे आणि प्रमाण मराठी बोलणारे. पंढरपुरात जन्मलेल्या जब्बार पटेलांनी 1977 मध्ये ‘जैत रे जैत’मधून ठाकर आदिवासींना कथेच्या मध्यभागी आणले, ही मोठी झेप होती. मुख्य भूमिकांत मात्र मोहन आगाशे आणि स्मिता पाटील हे नावाजलेले नटच होते. हिंदीत तर अजूनही चेहरा रंगवून काम भागवले जाते. ‘सुपर 30’साठी हृतिक रोशनचा आणि ‘बाला’साठी भूमी पेडणेकरचा रंग गडद केला गेला. दोन्ही चित्रपट 2019चे. त्यातला ‘बाला’ रंगभेदावर बोट ठेवणारा, त्यामुळे तिथे हा उपाय अधिकच बोचतो. काळ्यासावळ्या अभिनेत्री या देशात कमी नाहीत.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ही चौकट मोडली. ‘फँड्री’ (2013) मधला जब्या कैकाडी कुटुंबातला. वर्गातल्या शालूला आपण आवडावे म्हणून तो चेहऱ्याला पावडर लावतो, नाक सरळ व्हावे म्हणून त्याला चिमटा लावतो. रिस्लेचे नावही न ऐकलेल्या पोराने त्याची मोजपट्टी स्वतःच्या चेहऱ्याला लावावी, यात त्या विचाराची खोली कळते. जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडे याला अभिनयाचा अनुभव नव्हता. करमाळा तालुक्यातल्याच या मुलाला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ने (2016) अकलूजची रिंकू राजगुरू आणि जेऊरचा आकाश ठोसर यांना नायक-नायिका केले. एरवी हसण्यापुरती वापरली जाणारी बोली इथे प्रेमाची आणि रागाची भाषा झाली, आणि राज्यभरचे प्रेक्षक तिच्यासाठी थिएटरात रांगा लावून उभे राहिले.

‘फँड्री’त एक भिंतही आहे. मारलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब शाळेवरून जाते, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज आणि गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. महापुरुषांना भिंतीवर जागा देणारे गाव त्यांच्या विचाराला अंगणातही येऊ देत नाही, हे सांगायला दिग्दर्शकाला एका संवादाचीही गरज पडली नाही.

अशा भिंती महाराष्ट्रभर आहेत. दलित वस्त्यांमध्ये निळ्या कोटातल्या बाबासाहेबांचे चित्र ही शोभेची गोष्ट नाही. ज्यांना सार्वजनिक पाणवठा आणि देऊळ नाकारले गेले, त्यांनी सार्वजनिक जागेवर केलेला तो दावा आहे. जयंतीचे फ्लेक्सही त्याच जातीचे. तरीही या चित्रांतले चेहरे पुष्कळदा गुलाबी-गोरे असतात. हे वळण छापील चित्रांतून आले. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या देवादिकांच्या तसबिरींनी घराघरांत गोऱ्या, रेखीव चेहऱ्याचा नमुना रुजवला. भिंती रंगवणाऱ्यांच्या हाताला तोच लागला. सोलापूर जिल्ह्यातच, पंढरीच्या काळ्या विठोबाला लाखो लोक डोळे भरून पाहतात; घरातल्या सावळ्या मुलीचे लग्न जमवताना मात्र त्याच लोकांना तिच्या रंगाची चिंता पडते. रंग उजळण्याची आशा विकणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले, पण तो माल अजूनही खपतो.

‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ 2018 मध्ये आला. कथा करमाळ्याहून उदयपूरला गेली, नायक-नायिका चित्रपटसृष्टीतल्या घराण्यांतून आले. जातीचा उल्लेख इतका पुसट झाला, की शेवटच्या हत्येचे कारण प्रेक्षकाला अंदाजाने ओळखावे लागते.