वकिलीत बाहेरचा पैसा

वकिलाच्या फीत गुंतवणूकदाराचा वाटा? ऑस्ट्रेलियाने ते करून पाहिलं. मे २००७ मध्ये मेलबर्नची ‘स्लेटर अँड गॉर्डन’ शेअर बाजारात उतरली. असं करणारी जगातली पहिली लॉ फर्म. तिचा मुख्य धंदा अपघात-भरपाईचे दावे, तेही ‘जिंकलो तरच फी’ या बोलीवर. दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो, खर्च मात्र रोजचा.

पैसा आला आणि फर्म खरेदी करत सुटली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या क्विन्डेल कंपनीचा दाव्यांचा धंदा सुमारे ६३.७ कोटी पौंडांना घेतला. तिथेच पाय घसरला! ८ डॉलरपर्यंत चढलेला शेअर वर्षभरात १ डॉलरखाली आला. २०२३ मध्ये ती ‘अलेग्रो’ या प्रायव्हेट इक्विटी फंडाकडे गेली.

भारतात मात्र बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला बिगरवकिलाशी फी वाटून घेता येत नाही.