बिया उकिरड्यावर, क्रीम बाजारातून!

थंडी पडली की टाचा फुटतात. आमच्या कोकणात त्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध, मुठेल. म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. वाळलेल्या बिया कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग काढायचा आणि निवताना मुठीत वळून गोळे करायचे. गोळा घट्टच राहतो, चोळला की मऊ होतो.

आणि आम्ही काय करायचो? आमसुलं झाली की बिया उकिरड्यावर! वर शहरातून कोकमाचं क्रीम आणायचं. एकदा डबीवरचे घटक वाचले. पहिलं पाणी, कोकम पार शेवटाकडे. मैत्रिणींनो, घटक जास्तीकडून कमीकडे छापतात, जरा वाचत जा.

मग बचत गटात आम्हीच तेल काढायचं ठरवलं. पहिल्या वर्षी घाई केली. बिया ओलसर राहिल्या, बुरशी आली, सगळं खवट. बायकांची मेहनत फुकट गेली, बोलणी मी खाल्ली. आता कडक वाळल्याशिवाय बी कुटत नाही.

एक भाग मुठेल, दोन भाग खोबरेल, गरम पाण्यावर वितळवून डबीत भरा. रात्री पाय धुऊन पुसून लावा. मधुमेह असेल किंवा भेगेतून रक्त येत असेल, तर मात्र आधी डॉक्टर गाठा.