चार आण्यांचा कॉलम, बारा आण्यांचा मसाला

प्रयोगशाळेत डीएनए तयार करण्याचं यंत्र आलं, की काटकसरीची पहिली कुऱ्हाड कॉलमवर पडते. कॉलम म्हणजे छोटीशी प्लास्टिकची नळी. आत सच्छिद्र काचेची चिमूटभर पूड आणि तिला जखडलेलं साखळीचं पहिलं अक्षर. मार्विन कारुथर्स यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केलेल्या पद्धतीत पुढचं प्रत्येक अक्षर चार टप्प्यांत बसतं: आम्लाने टोक मोकळं करायचं, अक्षर जोडायचं, न जुळलेली टोकं कायमची बंद करायची आणि आयोडीनने जोड पक्का करायचा. आम्लाच्या टप्प्याला निघणाऱ्या नारिंगी द्रावाच्या गडदपणावरून आधीची जोडणी किती साधली ते कळतं.

खर्चाचं खरं गणित या जोडणीत आहे. दर जोड ९९ टक्के यशस्वी धरला, तर २० अक्षरांच्या सुमारे ८३ टक्के साखळ्या पूर्ण होतात; १०० अक्षरांच्या जेमतेम ३७ टक्के. जोडणी ९९.५ टक्के झाली, तर हाच आकडा ६१वर जातो. लांबत जाणाऱ्या साखळ्यांनी ५०० अँगस्ट्रॉमची छिद्रं दाटतात, रसायनं आत नीट पोचत नाहीत. म्हणून शंभरीच्या आसपास १००० अँगस्ट्रॉमची काच घेतात. ती महाग पडली तरी शंभर फेऱ्यांची रसायनं आणि कोरडं अ‍ॅसिटोनायट्राइल दोन्हीकडे सारखंच जळतं. कॉलमवर वाचवलेले पैसे अर्धवट साखळ्यांत बुडतात.

मग सरसकट मोठी छिद्रंच का नकोत? कारण छिद्र मोठं तसं पृष्ठफळ कमी, म्हणजे तेवढ्याच पुडीत माल कमी. वीस अक्षरी प्रायमरला ५०० पुरे. प्रमाणाचंही तसंच. एका पीसीआरला साधारण १० पिकोमोल प्रायमर लागतो. १० नॅनोमोलमध्ये हजार प्रयोग होतात. मोठ्या कॉलमवर दर नॅनोमोलमागे खर्च कमी दिसतो, पण उरलेला माल फ्रीजरमध्येच पडून राहणार असेल तर ती बचत कागदावरचीच.

साधे प्रायमर बाहेरून मागवणं स्वस्त पडतं, हा आक्षेप रास्त आहे. घरचं यंत्र शोभतं ते खास बदल केलेल्या अक्षरांसाठी किंवा सतत लागणाऱ्या मालासाठी. निवड कुठलीही असो, भागाकार एकच: एकूण खर्च भागिले हाती आलेला पूर्ण लांबीचा, वापरला जाणारा डीएनए. दरपत्रकातली कॉलमची किंमत हा त्या हिशेबातला फक्त एक आकडा आहे.