हात वर जात नाही? फ्रोजन शोल्डर आणि होमिओपॅथी

केस विंचरताना किंवा सीटबेल्ट ओढताना खांद्यातून कळ येते? बोस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी १९३४ साली या दुखण्याला 'फ्रोजन शोल्डर' म्हटले. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते, आक्रसते. आधी दुखणे, मग आखडणे, मग हळूहळू सुटणे. यात सहसा एक ते तीन वर्षे जातात. चाळिशी ते साठीत, विशेषतः स्त्रियांना हा त्रास होतो. मधुमेह व थायरॉइड असणाऱ्यांना धोका जास्त, तेव्हा रक्तातली साखर जरूर तपासून घ्या.

होमिओपॅथीत उजव्या खांद्याला सँग्विनारिया, डाव्याला फेरम मेट, हालचालीने बरे वाटत असल्यास ऱ्हस टॉक्स देतात. पुष्कळांना "गुण आला" असेही वाटते. पण हे दुखणे बहुतेकांचे आपणहूनच सुटत जाते! (सर्व्हर आपोआप सुरू होतो आणि श्रेय शेवटचे बटण दाबणाऱ्याला, तसेच काहीसे.) ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली पुरावा तपासला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात सापडला नाही.

गोळ्या घ्यायच्याच तर घ्या, पण फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम सोडू नका. सुरुवातीच्या दुखण्यात सांध्यातले स्टिरॉइडचे इंजेक्शन आराम देते. मात्र मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा.