भेंडीचा केवडा आणि ३:१ चे गणित

भेंडीवर केवडा पडला की आधी पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग फळेही. पांढरी माशी या रोगाचा विषाणू पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे व नेरकर यांनी लागवडीच्या भेंडीचा ‘मॅनिहॉट’ या जंगली जातीशी संकर केला. रोगप्रतिकार एकाच प्रभावी जनुकाकडे असल्याचे त्यांनी १९८१ मध्ये दाखवले.

त्या जनुकाला ‘र’ आणि अप्रभावी जोडीदाराला ‘ल’ म्हणू. ‘रर’ व ‘लल’ यांची पहिली पिढी सगळी ‘रल’, म्हणजे निरोगी. तिचे स्वपरागीकरण झाले तर सरासरी चारांत एक रर, दोन रल, एक लल. तीन निरोगी, एक रोगट. हे प्रमाण शेकडो झाडांत दिसते, चार झाडांच्या वाफ्यात त्याचा भरवसा नाही. ‘रल’चा ‘लल’शी प्रतिसंकर केल्यास निम्मी झाडे रोगट.

खरी अडचण निवडीची: रर आणि रल दिसायला सारखेच. म्हणून प्रत्येक निरोगी झाडाचे बी वेगळे पेरतात; ज्याच्या संततीत एकही झाड पिवळे पडत नाही, ते शुद्ध धरतात. ‘परभणी क्रांती’ हे वाण याच संकरांतून आले. पुढे अनेक भागांत त्यावरही केवडा येऊ लागला.